मी डावा केल्ता

आमच्या शाळेत साहेब तपासणीला येणार असले की आदल्या दिवशी इंग्रजीचे सर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावायचे. प्रश्न विचारला की हात सगळ्यांनी वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. सर उजव्या हातवाल्यांनाच उठवायचे आणि मागे खुर्चीवर बसलेल्या साहेबांना सगळा वर्ग हुशार दिसायचा. मी दरवेळी डावाच हात वर केला.

त्याच सरांनी दहावीच्या वर्षी शाळा सुटल्यावर मला थांबवून घेऊन इंग्रजी शिकवलं. आमच्या घरात माझ्या आधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. मी पदवीधर झाले, बीएडला लागले, ते त्यांच्यामुळं. म्हणून डाव्या हाताची गोष्ट मी कधी गंमत म्हणूनही कुणाला सांगितली नव्हती.

बीएडच्या शेवटच्या वर्षी सराव पाठांसाठी मला कर्नाटकात, सीमेजवळच्या एका गावातली मराठी माध्यमाची शाळा मिळाली. नववीचा वर्ग, विषय इंग्रजी. मी बिदरला मैलूर भागात खोली घेऊन राहत होते. संध्याकाळी टाचण हातात धरून भिंतीला शिकवायची. खोलीतली सोबतीण आळंदकडची, कन्नड शाळेत गणिताचे पाठ घेणारी. ती म्हणायची, "अक्का, भिंत पास झाली बघ. आता पोरांचं बघ."

पोरांचं अवघड होतं. घरात मराठी, बाजारात कन्नड, स्टँडवर दखनी, हे सगळं ती खेळता खेळता शिकली होती. इंग्रजी मात्र फळ्यावरून वहीत उतरायची आणि तिथंच राहायची. पहिल्याच आठवड्यात मी 'माय मदर' म्हणून सुरुवात केली तर मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, माय म्हंजे माय. मग मदर कोण?" वर्ग हसला, मीही हसले. आमच्याकडे आईला मायच म्हणतात.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी तेवढी हसली नाही. ती शब्द उतरवून घेत होती. अक्षर मोत्यासारखं. एकदा पाण्याच्या टाकीजवळ बाटली भरता भरता ती म्हणाली, "टीचर, मी दहावीला इंग्रजीतच नापास जाणार बघा."

"कामून जाशील?"

"माझी अक्का बी इंग्रजीतच गेली. त्याच उन्हाळ्यात तिचं लगीन लावलं. मला वाचायला येतंय, पण बोलायला गेलं की तोंडच उघडंना."

मी तिला सांगितलं, माझे पाठ संपायच्या आत तुझ्या तोंडून एक तरी पुरं वाक्य काढून घेते. पुस्तकातलं नाही, तुझ्या मनचं. तिनं बाटलीचं झाकण लावलं.

त्यानंतर रोज मी तिला उठवायची. ती उभी राहायची, ओठ हलायचे, आणि मी तिला बसवायची.

अंतिम पाठाच्या आदल्या दिवशी त्या शाळेतले इंग्रजीचे सर व्हरांड्यात भेटले. "मॅडम, उद्याचं टेन्शन घेऊ नका. पोरास्नी सांगून ठेवलंय. उजवा म्हंजे येतंय, डावा म्हंजे न्हाई. तुमी उजवे तेवढे उठवा."

"सर, असं कामून करायचं?"

"मग काय करताव? परीक्षकापुढं समद्यास्नी हात खाली ठेवून बसवताव? आधीच मराठीच्या वर्गात पोरं कमी झालीत. उद्या वर्ग बंद करा म्हणाले तर ही जातील कुठं?"

ते खोटं बोलत नव्हते.

परीक्षक म्हैसूरकडचे होते. त्यांना मराठी येत नव्हती. पाठ चालू वर्तमानकाळाचा. पहिला प्रश्न विचारला आणि सगळा वर्ग हात वर करून बसला. मोजकेच उजवे, बाकी सगळं रान डावं. मी उजवे उठवत गेले. परीक्षक खुशीत दिसत होते. तुझी आई आता काय करते आहे, असं मी इंग्रजीत विचारलं, तेव्हा त्यांनी स्वतःच तिसऱ्या बाकाकडे बोट दाखवलं. ही मुलगी सांगेल, म्हणाले.

ती उभी राहिली. डावा हात अजून वरच होता. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "टीचर, मी डावा केल्ता."

कुणी हसलं नाही. दारात उभ्या असलेल्या सरांनी मान खाली घातली.

"एनंदळू?" परीक्षकांनी मला कन्नडमध्ये विचारलं. काय म्हणाली ती?

तिची आई शेतात काम करते आहे, एवढं मी म्हटलं असतं तरी भागलं असतं. माझं इंग्रजी पोरांना कळलं नसतं आणि सर काही बोलले नसते. पण तिच्या मनचं वाक्य तिच्याकडून घेईन असं मी तिला सांगितलं होतं. माझ्या मनचं वाक्य तिच्या तोंडी घालायला जीभ वळेना. मी इंग्रजीत सांगितलं, ती म्हणते की तिनं डावा हात वर केला होता.

परीक्षक हसले. मग काय झालं, म्हणाले, डावखुरी माणसं हुशार असतात, माझी मुलगीही डावखुरीच आहे. त्यांनी हातानंच तिला बसायची खूण केली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. तिच्या उत्तराचं पुन्हा कुणी विचारलं नाही. मला मार्क चांगले पडले. वर्गाचा सहभाग उत्तम, असा शेराही मिळाला.

मधल्या सुट्टीत ती आली. "टीचर, सायबाला काय म्हणलाव?"

"तू म्हणलीस तेच."

"मग रागावले कामून न्हाईत?"

"त्यांना वाटलं तू डावखुरी हाईस."

तिनं आपला उजवा हात बघितला. बोटांना शाई लागली होती. "मी तर उजव्यानं लिहायलेय," ती म्हणाली.

पाठ संपल्यावर माझा तिथला एकच दिवस उरला होता. त्या दिवशी मागे खुर्ची नव्हती, परीक्षक नव्हते. मी म्हटलं, आज कुणीच हात वर करायचा नाही, मी नुसती वाट बघणार आहे. पोरांना हात कुठं ठेवावेत ते कळेना. मी तिला उठवलं आणि तोच प्रश्न विचारला. बसवलं मात्र नाही. बाहेर पाण्याच्या टाकीवर कुणीतरी भांडत होतं. पोरं आधी कुजबुजली, मग तिच्याकडे वळून बघू लागली. तिचे ओठ हलले. बाक घट्ट धरून ती एकदाच मोठ्यानं म्हणाली, "माय..."

आणि घंटा झाली. पोरं दप्तरं उचलून निघाली, तीही त्यांच्यात निघाली. मी फळा पुसला. तो 'माय' इंग्रजीतला होता की आमच्यातला, हे मला कळलं नाही.