देवीच्या पायांचं तेल

मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार, दुपार. ठिकाण, काकतीच्या पलीकडच्या आमच्या गावातलं लक्ष्मीचं देऊळ, मागचा नळ. हजर: मी, माझी थोरली बहीण आक्का, भावकीतल्या सुमनवहिनी, पुजारी आप्पा आणि देवस्थान कमिटीचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं. आम्ही बायका जमिनीवर, अण्णा खुर्चीत.

मी त्या दुपारी देवीवर रागावले होते, हे आधीच सांगून टाकते. पावसाळ्यात आक्का न्यूमोनियानं बेळगावच्या दवाखान्यात होती. तिचा श्वास ऐकत बाहेरच्या बाकावर बसले असताना मी नवस बोलले, की आक्का घरी आली तर जत्रेआधी देवीची सगळी पितळी भांडी मी एकटी, माझ्या हातांनी घासीन. आक्का घरी आली. नवस फेडायची वेळ आली ती नेमकी थंडीत, आणि थंडीत माझे हात काय होतात ते घरच्यांना ठाऊक आहे. बोटांच्या पेरांवर आधी पांढरी रेघ उमटते, मग ती उघडते, मग तिच्यातून रक्त येतं. कचेरीतलं हजेरीचं यंत्र माझा अंगठा ओळखेनासं होतं. सतरा वर्षं मी त्या कचेरीत आहे, आणि दर हिवाळ्यात मी तिथली नाही असं एक डबडं मला सांगतं.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. कढत पाणी नको, कोमट घ्या. हात टिपून घ्या आणि ओलसर असतानाच मलम चोळा. रात्री जाड थर देऊन सुती हातमोजे घाला. चिंच, राख, साबणाची पावडर यांना हात लावू नका. मी घरी सगळ्याची सोय केली होती. पण आमच्या देवळाचा रिवाज असा, की सेवेला बसलेल्या बाईनं सेवा पुरी होईपर्यंत अंगाला तेल, तूप, मलम काही लावायचं नाही. तेलकट बोटं उजळलेल्या पितळेवर डाग पाडतात, म्हणून कधीतरी हे सुरू झालं असावं. आता कमिटीनं ते फलकावर रंगवून घेतलं आहे. फलक रंगवणारे पुरुष, घासणाऱ्या बायका.

बुधवारी घंटा, ताटं, कलश, आरतीचे दिवे झाले. गुरुवारी दुपारपर्यंत चिंचेचं पाणी चिरांत इतकं शिरलं होतं, की मूठ मिटत नव्हती. राहिली होती फक्त मोठी समई, माझ्या खांद्याएवढी. ती अर्धी घासून झाली आणि वरच्या तबकात मला माझं रक्त दिसलं. सुमनवहिनी म्हणाल्या, थोडं खोबरेल लावून घे, कोण बघतंय. अण्णा बघत होते. त्यांनी खुर्चीतूनच सांगितलं, की तेल लावलं तर नवस मोडला असं होईल, मग घरात काही बरंवाईट झालं तर कमिटीला बोल लावू नका.

हे ते आक्काच्या देखत बोलले. उन्हात शाल गुंडाळून बसलेल्या, अजून जिना चढताना दम लागणाऱ्या माझ्या बहिणीच्या देखत. माझं डोकं फिरलं. पण खरं सांगायचं तर भीतीही वाटली. मी पुन्हा राखेत हात घातला.

आक्का म्हणाली, "देवीनं मला दवाखान्यातनं काढलं आणि तुला तिथं धाडायचं ठरवलंय व्हय गं?"

मला हसू आलं नाही. मी गाभाऱ्याकडे तोंड करून मनात म्हटलं, तुझं काम करते आहे आणि तूच हात फोडतेस. हा कुठला न्याय?

त्याच वेळी समोरच्या दारानं एक बाई आत आली. साठीची, उंच, डोक्यावर पदर, कमरेला पिशवी. मी तिला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आप्पांनी मात्र ओळखलं. खानापूरकडच्या रानातल्या एका गावचं हे मानकरी घर. दर वर्षी जत्रेच्या पहाटे त्यांच्याकडून कोकमाच्या बियांचं तेल येतं, अंड्याएवढे घट्ट पांढरे गोळे. आमची देवी लाकडी आहे. थंडीत लाकडाला चिरा जाऊ नयेत म्हणून ते तेल कोमट करून तिच्या पायांना चोळतात. मी लहानपणापासून हे बघत आले होते आणि माझ्या डोक्यात कधी काही आलं नव्हतं. आप्पांनी विचारलं, एक दिवस आधी कशा आलात? ती म्हणाली, आजच निघावं वाटलं, बस मिळाली, आले.

तेल तापवून तिनं देवीच्या पायांना चोळलं. वाटी घेऊन नळावर हात धुवायला आली, तेव्हा तिची नजर माझ्या बोटांवर पडली.

"हात दाव."

मी हात मागे घेतले. सेवेत आहे, म्हणाले. अण्णा उठून उभे राहिले आणि फलकाकडे बोट दाखवू लागले. तिनं तिकडे मान वळवली नाही.

"तिच्या पायाचं हाय हे. प्रसादाला न्हाय म्हणतीस?"

नाही कसं म्हणणार? तिनं माझे हात साध्या पाण्यानं धुतले, पदरानं टिपले आणि ओलसर असतानाच एकेका चिरेत कोमट तेल भरलं. आधी आग झाली, मग इतकं शांत वाटलं की माझे डोळे भरून आले. पिशवीतून देवीच्या ओटीचा एक खण काढून, त्याची घडी मोडून तिनं पट्ट्या फाडल्या आणि बोटं बांधली. मग अण्णांकडे बघून म्हणाली, "देवीचं लाकूड फुटू नये म्हणून मी एवढ्या लांबनं येतो. बाईचं कातडं फुटलं तर चालतंय व्हय, अण्णा?"

अण्णा खाली बसले. आक्का मात्र शालीत तोंड लपवून हसत होती.

तेलकट हातांनी पितळ घासता येत नाही, हे तर खरंच होतं. दुसऱ्या दिवशी जत्रेला समई तशीच लागली, खालून लख्ख, वरून काळपट. आयुष्यात अर्धं सोडलेलं काम मी असं चारचौघांत कधी ठेवलं नव्हतं. सारखी त्या समईकडेच बघत होते. वाती पेटल्या तेव्हा देवीच्या तोंडावर उजेड पुरेसा पडला. आक्का माझ्या शेजारी उभी होती, आणि तिनं पूर्ण आरती म्हटली, मध्ये न थांबता.

ती बाई आरतीआधीच निघून गेली. आभार मानायचे राहिले, ते मी इथे मानते. त्या दुपारी जे झालं त्याला काय नाव द्यावं, ते मी ठरवत बसत नाही. मला एवढंच कळलं, की मी देवीला माझे हात देऊ केले होते, आणि दिलेल्या वस्तूची काळजी ती घेईल यावर माझा विश्वास नव्हता. आता रोज हात धुतले की ओलसर असतानाच तेल लावते, रात्री मोजे घालते. यंत्रानं परवा अंगठा ओळखला. अण्णांवरचा राग मात्र गेलेला नाही, आणि तो घालवण्याची मला घाईही नाही. फलक अजून तिथेच आहे, त्याबद्दल कमिटीत बोलणार आहे.

आक्का म्हणते, आता आपण दोघी मिळून घासू. नवस मी एकटीनं फेडायचा बोलले होते, म्हणून अजून हो म्हटलेलं नाही. चिरा भरत आल्या आहेत. समई देवळाच्या कोपऱ्यात उभी आहे, अर्धी घासायची राहिलेली.