गुलजारभाईंची फ्रेम

मंडईमागच्या गल्लीत गुलजारभाई मोमीन यांचं फ्रेमचं दुकान आहे. पाटीवर 'सकाळी १० ते रात्री ८' असं ठसठशीत रंगवलेलं. पण दुपारी एक ते चार तिथे गेलं की ओढलेलं शटर बघून परत यावं लागायचं. तसं पाटीवर लिहा की, असं कुणी म्हटलंच तर गुलजारभाई म्हणायचे, "माणूस जेवतो, हेसुद्धा लिहायचं?"

माणूस असा तिरसट, पण हात! अहो, त्या हाताला तोड नाही. बाकीचे फ्रेमवाले कोपऱ्यात फट राहिली की भुसा आणि फेव्हिकॉल कोंबून वर पॉलिश फासतात आणि गिऱ्हाइकाला घरी पाठवतात. गुलजारभाईंच्या कोपऱ्यात केस शिरायचा नाही. शिवाय चारही कोपऱ्यांत ते शिसवाची एकेक पातळ पाचर तिरकी बसवतात. सागवानावर ती काळी रेघ दिसली की समजायचं, काम गुलजारभाईंचं. चाळीस वर्षांत आपला एकही कोपरा उघडला नाही, असं ते सांगतात, आणि कुणी न विचारता सांगतात.

तर जानेवारीत पेपरात बातमी आली. ललिता ओव्हाळ या पुण्याच्या चित्रकार बाई, आता हयात नाहीत, त्यांचं एक चित्र दिल्लीच्या मोठ्या कलासंग्रहालयात लागलं होतं. मांजरी गावच्या फडात उसाची मोळी बांधणारी बाई. गुलजारभाईंचा चहा हातातच राहिला. चौतीस वर्षांपूर्वी, ललिताबाई कॉलेजात शिकत होत्या तेव्हा, हेच चित्र चादरीत गुंडाळून त्या स्वारगेटपासून चालत त्यांच्याकडे आल्या होत्या. त्यांना सोनेरी फ्रेम हवी होती. "उसाच्या फडात सोनं कशाला मिरवताय?" असं दरडावून गुलजारभाईंनी साधी सागवानी पट्टी लावून दिली. ती बघून पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

ती फ्रेम अजून चित्राला आहे, की दिल्लीवाल्यांनी उचकटून फेकली? पेपरात काही कळेना. पेपरवाल्यांनी चित्र तेवढं छापलं होतं आणि फ्रेम कापून टाकली होती! मुलगी उम्मेहानी बँकेत नोकरीला. तिने संग्रहालयाची वेबसाइट उघडली, तर तिथेही नुसतं चित्र.

"सगळ्यांनी मिळून कट केलाय," गुलजारभाई म्हणाले. पण रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही.

नशीब बघा, फेब्रुवारीत बायकोच्या बहिणीच्या मुलाचं, फैझलचं, लग्न दिल्लीलाच निघालं. शुक्रवारी पोचायचं, रविवारी निकाह, सोमवारी परतीची गाडी. आणि सोमवारी संग्रहालयाला सुट्टी. राहिला शनिवार. नकाशा छापून घेतला, दालनांवर लाल पेनने खुणा झाल्या.

"अब्बा, साठ दालनं आहेत. सकाळी दहालाच जा," उम्मेहानी म्हणाली. "दहा ते पाच सलग उघडं असतं."

"लिहिलेलं असतं तसं. आपल्या पाटीवर नाही का लिहिलेलं?"

"अब्बा, ते सरकारी आहे!"

"मग तर जेवण लांबणारच. एकदम चारला जातो. एक फ्रेम बघायला तास पुष्कळ झाला."

बायको नसीमबानूने कपाळावर हात मारला. "आपण लग्नाला चाललोय की फ्रेम बघायला?"

"लग्नाला. फ्रेम वाटेत आहे."

शनिवारी चारच्या ठोक्याला दोघं फाटकात हजर. संग्रहालय सकाळपासून उघडंच होतं, कुणी जेवायला गेलेलं नव्हतं, आणि तपासणीची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती. गुलजारभाई नसीमबानूच्या नजरेला नजर देईनात. रांगेत अर्धा तास गेला. खिशातली स्टीलची मोजपट्टी शिपायाने काढून ठेवली. मग हा अडुसष्ट वर्षांचा माणूस जिने चढत सुटला. हजार वर्षांपूर्वीच्या मूर्ती, राजेमहाराजे, हत्ती, घोडे, सगळं मागे पडलं. त्यांनी मान वळवून पाहिलं नाही. मागून नसीमबानू धापा टाकत, "अहो, हळू! पडाल!"

पाचला दहा कमी असताना ते शेवटच्या दालनात पोचले.

समोर ललिताबाईंचं चित्र होतं. भोवती सागवानी पट्टी, वयाने काळवंडलेली. आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात ती बारीक काळी रेघ.

गुलजारभाई भर दालनात रडले. लपवलंसुद्धा नाही. "आहे गं," एवढंच बायकोला म्हणाले. तिने त्यांचा हात घट्ट धरला. तिलाही फार आनंद झाला होता; चाळीस वर्षं त्या फ्रेमांचा भुसा तिनेच झाडला होता.

मग चष्मा पुसून त्यांनी एकेक कोपरा पाहिला. खालच्या उजव्या कोपऱ्याशी ते थांबले. तिथे फट पडली होती. नखाएवढी. पाचर जागेवर होती, पण लाकूड सरकलं होतं. बोट पुढे केलं तशी शिपाई ओरडला, "अंकल, पीछे!" आणि घंटा झाली.

दाराशी अभिप्रायाची वही होती. आता हा माणूस नावानिशी मिरवून घेणार, असं नसीमबानूला वाटलं. गुलजारभाईंनी लिहिलं:

'चित्र उत्तम. फ्रेमचा खालचा उजवा कोपरा उघडला आहे. चूक माझी आहे. कळवावे, येऊन बसवून देईन. किंवा पुण्यास पाठवावे. गुलजार मोमीन, मंडईमागे, पुणे.'

पेन ठेवलं. दोन पावलं गेले, परत आले, आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: 'दुकान दुपारी एक ते चारही उघडे असते.'

दिल्लीहून अजून कुणी आलेलं नाही. पण आज दुपारी दोनला जाऊन बघा. शटर वर असतं, आणि गुलजारभाई डबा उघडून रस्त्याकडे तोंड करून जेवत असतात.