बेडोकचा वसंत

सिंगापुरात वसंत ऋतू येतो असं मानणारा सबंध बेटावर एकच माणूस आहे, आणि तो आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. इथे बारा महिने तोच घाम, तोच पाऊस, तीच हिरवळ. मला तर हल्ली सोमवार आणि गुरुवार यांतलाही फरक कळत नाही. पण आमचे चीफ पाडव्याला गुढी उभारतात, कडुलिंबाचं पान चावतात, त्या उकाड्यात डोक्यावर लोकरीची टोपी चढवतात आणि जाहीर करतात की मोसम उघडला. मोसम म्हणजे मासेमारीचा. तो अक्षय्य तृतीयेला मिटतो. त्यानंतर मासा उडी मारून मांडीवर येऊन बसला तरी चीफ त्याच्याकडे ढुंकून बघणार नाहीत.

चीफ म्हणजे बोटीवरचे चीफ इंजिनिअर. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, आता काकूंसह मुलीकडे असतात. गाव मालवण, पण मासेमारी शिकले कुठे, तर स्कॉटलंडात! तरुणपणी त्यांची बोट तिथे दीड महिना दुरुस्तीला अडकली होती. गोदीतल्या एका म्हाताऱ्या फिटरने त्यांना जवळच्या तळ्यावर नेऊन ट्राउट आणि पाइक हे मासे धरायची विद्या दिली. त्यात गळाला किडा लावत नाहीत. पिसं आणि दोरे गुंडाळून खोटी माशी करतात आणि ती लांबवर पाण्यावर अलगद टेकवतात. तेव्हा तिथे वसंत होता, म्हणून ही विद्या वसंतातच चालते, असं चीफनी कायमचं ठरवून टाकलं. आमच्या बेडोकच्या तलावात ट्राउट नाही की पाइक नाही. एक दांडगा, दातांचा तोमान मासा आहे, त्याला ते ‘आपला इथला पाइक’ म्हणतात, आणि धरला की पाठीवरून हात फिरवून सोडून देतात. काकूंना हे अजून पचलेलं नाही. नवरा हाती आलेला मासा परत पाण्यात सोडतो आणि बायको सुरमईसाठी बाजारात रांग लावते, हे माहेरी सांगायची सोय नाही, असं त्या म्हणतात. एकदा त्यांच्या पैठणीतली जरीची तार माशीच्या शेपटीला लागली, तेव्हा चीफना आठवडाभर नुसता वरणभात मिळाला. माशी मात्र झकास झाली होती, हे त्यांनी मला जिन्यात हळूच सांगितलं.

दिसेल त्या यंत्राला कान लावायचा ही त्यांची दुसरी खोड. आमच्या लिफ्टला कान लावून म्हणाले, परवापर्यंत चालेल. परवा दुपारी ती चौथ्या मजल्यावर बसली. मला तर त्यांनी कानही लावला नाही, नुसतं बघून सांगितलं, “तुझं ओव्हरहॉलिंग राहिलंय.” खोटं नव्हतं. चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या बॅक ऑफिसात बारा वर्षं काढल्यावर माणसाचं जे होतं ते माझं झालंय. झोपून उठलो तरी दमलेलाच असतो. म्हणून मोसमात दर शनिवारी पहाटे ते मला तलावावर ओढून नेतात. मी बाकावर पेंगतो, ते माशी फेकतात. एकदा ती मागून धावत येणाऱ्या बाईच्या टोपीत अडकली. ती “अंकल, केअरफुल लाह” म्हणाली, आणि चीफनी टोपी परत देताना तिला वसंताच्या शुभेच्छा दिल्या.

यंदाच्या पाडव्याला मात्र त्यांनी माशी आणि तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, माझ्यापुढे धरलं. म्हणाले, “गाठ तू मार.” मला वाटलं, थट्टा करतायत. चीफची गाठ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लोणच्याच्या बरणीचं फडकंसुद्धा काकू त्यांच्याकडूनच बांधून घेतात. मग त्यांचा उजवा हात दिसला. तो थरथरत होता, आणि माशीच्या बारक्या नेढ्यात तंगूस काही केल्या जात नव्हतं. दुखण्याचं नाव डॉक्टरांनी सांगितलंय, ते तुला कशाला, म्हणाले. फेकता येतं, धरता येतं, फक्त गाठ जमत नाही. घरी कळलं तर पाण्याजवळ फिरकू देणार नाहीत, तेव्हा बोलायचं नाही. मी कबूल केलं. खरं सांगतो, त्या दिवशी झोप पार उडाली.

अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या शनिवारी तोमान लागला. रॉड कमानीसारखा वाकला, चीफ दोन्ही हातांनी त्याला बिलगले, आणि एकाएकी सगळं सैल पडलं. तंगूसाचं टोक ओढून बघितलं तर ते गोल वळलेलं. तुटलं असतं तर सरळ असतं. हे सुटलं होतं. गाठ माझी होती, अर्धवट झोपेत मारलेली. ढिला नट दिसला तर फिटरची सात पिढ्यांपर्यंत खबर घेणारा हा माणूस, मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी तंगूस गुंडाळलं आणि मासा मोठा होता, एवढंच म्हणाले.

दोन दिवसांनी लिफ्टपाशी काकू भेटल्या.

“ह्यांची गाठ सुटली म्हणे. तसं सांगतायत.”

“मासा मोठा होता, काकू.”

“चाळीस वर्षांत ह्यांची गाठ सुटलेली मी बघितली नाही. तुझी होती ना?”

दमलेल्या माणसाला पटकन खोटं सुचत नाही. मी मान हलवली.

“हात फार थरथरतो का रे?”

मी हो म्हणालो. त्यांनी लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं. हल्ली चहा बशीत अर्धाअर्धाच ओतून घेतात, म्हणाल्या, मुद्दामच विचारलं नाही.

“मला कळलंय असं समजलं तर लाजेने जायचे बंद होतील. तू गाठ नीट शिकून घे. आणि मी विचारलं हे बोलू नकोस.”

मोसम आता मिटलाय. ऑफिसला जाताना मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, तंगूसाचा तुकडा घेऊन बसतो आणि गाठ मारतो, सोडतो, पुन्हा मारतो. पुढच्या पाडव्याला अजून अकरा महिने आहेत. तोवर ती थरथर किती वाढलेली असेल, रॉड तरी धरू देईल का, कोण जाणे. विचारायचं कुणाला? वर दोघंही एकमेकांपासून लपवून सुखात आहेत, आणि त्यांच्या घरातलं खरं काय ते मला एकट्यालाच माहीत आहे.