सोयाबीनच्या दाण्यांचं जंगल

आमच्या भीमपूरच्या घरी दर रविवारी दुपारी फाशांचा एक खेळ चालायचा. दादा गोष्ट सांगायचा आणि शत्रूच्या बाजूनं लढायचा. वहिनी, दादाचे दोन मित्र आणि मी, असं चौघांचं एकेक पात्र. माझी एक तिरंदाज बाई होती. टेबलावर तिच्या जागी मी सागरगोटा ठेवायचे. सोयाबीनचे दाणे म्हणजे झाडं, मक्याचे म्हणजे शत्रू. पात्र मेलं की मेलं, हा दादाचा कायदा.

दबा धरून हल्ला करायची दादाला भारी हौस. पण मक्याचा डबा खुळखुळला की आम्ही सावध व्हायचो. ज्याला चाहूल लागली नाही त्याला पहिल्या फेरीत चाल नाही, त्यानं नुसतं बसून मार खायचा. चाहूल लागली की नाही हे फासा सांगतो. पण फासा टाकायला आधी शंका तर यायला हवी! मी मुळातच संशयी. दर वळणावर विचारायचे, "मागं कोणी हाय का?" सगळे खो खो हसायचे. हसणाऱ्यांची पात्रं पटापट मेली, माझी तिरंदाज दोन वर्षं जगली.

मग मला मंचेरियलला नोकरी लागली. निघण्याआधीच्या रविवारी मी दादाकडे एकच गोष्ट मागितली. तिरंदाज जिवंत राहू दे, गोष्टीतल्या एखाद्या गावात ठेव. सुट्टीत आले की तिथूनच पुढे खेळेन. दादा म्हणाला, "बरं."

त्या दिवशी चहा मीच केला. सगळ्यांना कप दिले आणि बसले. आमची पात्रं जंगलातून चालली होती. मी सवयीनं मागं पाहिलं, फासा टाकला, चांगला पडला. मागं कोणी नव्हतं. मक्याचा डबाही फळीवरच होता. दादानं चहाचा घोट घेतला आणि माझ्या सागरगोट्याभोवतीच्या सोयाबीनवर बोट ठेवलं.

"हे झाडं नोयत, माणसं हायेत. तू नुसतं मागं पाह्यलं, तुले चाहूल लागली नाही. तुई चाल नाही."

मी ओरडले. ओरडले ती मी एकटीच. मित्र चहा पीत होते, आणि वहिनीनं आपलं पात्र आधीच दूर सरकवून ठेवलं होतं. मी आत चहा उकळत होते तेव्हाच हे ठरलं होतं. पहिल्याच फेरीत तिरंदाज मेली.

"काऊन केलं असं?" मी विचारलं.

"तू त चाललीच ना. ते जिवंत राह्यली असती, त दर रविवारी तिले आमी कुठं सांभाळावं?"

"चहा मस्त झाला हं, ताई," वहिनी म्हणाली. मला त्या चौघांचा इतका राग आला की कप विसळायलाही उठले नाही.

दिवाळीला घरी गेले तेव्हा खेळ मांडलेलाच होता. माझा सागरगोटाही होता, वाटेतला धोंडा म्हणून. मी खुर्ची ओढली.

"बस न, पाह्य," दादा म्हणाला. "खेळू नको. तू आता पाहुणी हाय."

मित्र मान खाली घालून फासे गोळा करत होते. म्हणजे हेही आधीच ठरलेलं होतं.

"ताई, तुमच्या हातचा चहा होऊन जाऊ द्या," वहिनी म्हणाली.

माझ्याच घरात पाहुणी, आणि चहा मात्र मीच टाकायचा! मी आत गेले, आधण ठेवलं. पण ते उकळेपर्यंत माझे कान बाहेर काय ठरतंय तिकडेच होते.