पुलापलीकडचा बाजार

आखातातल्या आमच्या शहरात, अल नहदाहून करामाला जाणाऱ्या बसमध्ये तो रोज उभाच असायचा. वॉचमनचा कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, आणि फोन काढण्याआधी हात पँटला पुसायची सवय. त्याचा देश मध्य आफ्रिकेतला, यादवी युद्धातून आत्ता कुठे सावरणारा. आम्ही मोडक्या हिंदीत भांडायचो. मी ठणकावायचो, "परक्या फौजा कुणाचं भलं करत नाहीत. शांतिसेनासुद्धा गेलीच पाहिजे!"

तो हसायचा. "हबीबी, तू भाषण कर. मी ऐकतो."

परवा त्याने व्हिडिओ कॉल चालू असलेला फोनच माझ्यासमोर धरला. युद्धानंतर त्याची आई पहिल्यांदाच पूल ओलांडून बाजाराला निघाली होती आणि बहीण चालता चालता दाखवत होती. पुढे शांतिसेनेचे निळ्या हेल्मेटचे सैनिक, मागे डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका. तो आपल्या भाषेत ओरडत होता, मला फक्त "यल्ला, यल्ला!", म्हणजे चला, चला, एवढंच कळलं. अर्धी बस त्या फोनवर वाकली. पूल संपला, आईने टोपली उंच धरली आणि आम्ही टाळ्या पिटल्या.

डोळे पुसत तो म्हणाला, "जाऊ देत ना फौजा, भाई. पण आई एकटी जाऊन एकटी परत येईल, त्या दिवशी."

माझा स्टॉप आला. मी उतरलो नाही. आई अजून परतायची होती.