कृ. मा. प.

आम्ही राहतो त्या घराला गावात दंतवैद्याचं घर म्हणतात. त्या दंतवैद्याला मी कधी पाहिलेलं नाही. आम्ही घर घेतलं तेव्हा तो वारून बरीच वर्षं झाली होती, मधे आणखी दोन कुटुंबं राहून गेली होती, तरी घर त्याचंच. छप्पर आम्ही बदललं, घर तापवणारा फर्नेस आम्ही नवा बसवला, ड्राइव्हवेवरचा बर्फ बारा हिवाळे मी स्वतः उपसला. पण फोनवर पिझ्झा मागवताना पत्ता सांगायला लागले की पलीकडचा माणूस मधेच म्हणतो, "ओह, द डेंटिस्ट्स हाउस." मी हो म्हणते. नाही म्हणून करते काय, पिझ्झा गार होतो.

आपल्याकडे माणूस गावाचं नाव लावतो. गाव सुटून चार पिढ्या झाल्या तरी शेवटी 'कर' लावून ते मिरवतो. इथे घर माणसाचं नाव लावतं, आणि एकदा लावलं की सोडत नाही.

हे गाव टोरांटोच्या पश्चिमेला अडीच तासांवर आहे. काउंटीचं मुख्य ठिकाण, म्हणजे आपल्या हिशेबात तालुक्याचं गाव. चौकात विटांचं कोर्ट, त्याच्यामागे जुना तुरुंग, पशुखाद्याची गिरणी, हॉकीचं अरीना, तीन चर्च आणि एक सिग्नल. मी स्वतः विदर्भातल्या तालुक्याच्या गावात वाढले. तिथून सुटायचं म्हणून पुण्याला गेले, पुण्याहून टोरांटोच्या स्कारबरोला आले, आणि नवऱ्याला शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इथे. फिरून फिरून भोपळे चौकात.

गावाचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर तो भांडणाचा आहे. पंधरा मैलांवर दुसरं गाव आहे. नदी त्यांच्याकडे, रेल्वे त्यांच्याकडे, वस्ती आमच्या अडीचपट. पण कोर्ट आमच्याकडे. म्हणे आमच्या लोकांनी एका रविवारी, ते सगळे चर्चमध्ये प्रार्थना करत असताना, काउंटीची सगळी दफ्तरं बर्फावरून घसरगाडीत घालून इकडे आणली. ते त्याला चोरी म्हणतात, आम्ही स्थलांतर म्हणतो. आजही इथली म्हातारी माणसं त्या गावाचं नाव घेत नाहीत. 'ओव्हर देअर' म्हणतात आणि हनुवटीने दिशा दाखवतात. त्यांच्याकडे नवं हॉस्पिटल आलं तेव्हा आमच्या बेकरीत आठवडाभर सुतकी चेहरे होते. मत्सरावर उभं राहिलेलं गाव. खरं तर मला इथे पहिल्याच दिवशी घरच्यासारखं वाटायला हवं होतं.

मी इथल्या वाचनालयात काम करते. वाचनालय जुन्या नोंदणी कार्यालयाच्या इमारतीत आहे. मागच्या बाजूला जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक कोठडी आहे. जमिनीचे कागद आगीत जळू नयेत म्हणून ती बांधली होती. आता तिथे गावाचे जुने फोटो, खोकी आणि माझा कॉम्प्युटर असतो.

तीन वर्षांपूर्वी गावाने ठरवलं की आपला इतिहास पुस्तकात आणायचा. समितीच्या प्रमुख एक निवृत्त शिक्षिका. पंच्याऐंशीच्या पुढच्या, अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवलेले, सगळे त्यांना टीचरच म्हणतात. त्यांनी नियम घातला की घरटी एक पान, एकाच बाजूने, ज्याचं त्याने लिहायचं. टाइप मी करायचं, कारण मला टायपिंग येतं आणि मी नाही म्हणत नाही. लोक हाताने लिहिलेले कागद आणून देऊ लागले. गिरणीवाल्यांनी चार पानं दिली, मी चारही टाइप केली. एका बाईने फक्त आपल्या घोड्याबद्दल लिहिलं, तेही केलं. दोन वर्षांत या गावाची सगळी लग्नं, आगी, जुळी मुलं आणि पळून गेलेले भाऊ माझ्या बोटांखालून गेले.

आणि मी वाट पाहत होते. कोणीतरी म्हणावं, तुमचं पान कुठे? एकदा म्हणावं, बस. मी आधी 'छे, आमचं काय लिहायचं' म्हटलं असतं, दुसऱ्यांदा विचारल्यावर लिहून दिलं असतं. मनात मजकूर तयार होता. पण बोलावल्याशिवाय पानावर बसायची आम्हाला सवय नाही. लग्नात मानपान नाही झाला तर उपाशी परत येणाऱ्या घरातली मी. इथे कोणी कोणाला आग्रह करत नाही हे बारा वर्षांत डोक्याला समजलं होतं, पण रुसायची खोड काही जात नाही.

मग आमच्या घराचं पान आलं. कॅलगरीहून, दंतवैद्याच्या मुलीने पाठवलेलं. वडिलांची खुर्ची, अंगणातलं सफरचंदाचं झाड, आई पियानो वाजवायची वगैरे. शेवटचं वाक्य होतं: आता तिथे दुसरे राहतात. ते वाक्य मी माझ्या हाताने टाइप केलं. 'अदर्स'. ते झाड आम्ही पाच वर्षांपूर्वी किडीतून वाचवलं होतं. मी टीचरना अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं की एका घराची दोन पानं चालतात का. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या की घर एक, पान एक, नाहीतर पुस्तक संपायचं नाही. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. विषय तिथेच मिटला.

आता दुसऱ्या एका मुलीबद्दल. ती दोन वर्षांपूर्वी इथल्या वृद्धाश्रमात कामाला आली. वाशीमकडची, सव्वीस वर्षांची, स्कारबरोच्या एका कॉलेजातून शिकून पीआरसाठी, म्हणजे इथल्या कायमच्या परवान्यासाठी, अप्लाय करून बसलेली. वाचनालयात पहिल्यांदा आली ती पातळ जॅकेटात, ओठ निळे पडलेले. माझा चेहरा बघून थेट मराठीत म्हणाली, "काकू, इथे वॉशरूम कुठे आहे?" मी तेव्हा पन्नासची नव्हते. काकू हा शब्द मला झोंबला, पण मी तिला माझे जुने बूट दिले, हिवाळी टायर कुठे स्वस्त बसवून मिळतात ते दाखवलं, दर रविवारी वरणभाताला बोलावलं. पहिल्या हिवाळ्यात ती आमच्या टेबलावर बसून रडायची. आईला सांगू नका म्हणायची, जसं काही मी रोज वाशीमला फोन करत होते.

दुसऱ्या हिवाळ्यात ती रडायची थांबली आणि गावाची लाडकी झाली. कर्लिंगच्या संघात गेली. बर्फावर दगड घसरवायचा आणि पुढे झाडू मारायचा, हा यांचा खेळ. झाडू मारायला मी बारा वर्षं इथे आहे, मला कोणी बोलावलं नाही. बेकरीवाला तिला न विचारता तिची कॉफी ओततो. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्या तिला गावाची गुपितं सांगतात. घसरगाडीच्या गोष्टीतला गाडीवान दारूडा होता आणि दोनदा रस्ता चुकला, हे मला तिच्याकडून कळलं. मी गावाचा इतिहास कागदावरून वाचला, तिने तो तोंडून ऐकला, तोही हातात सुपाचा वाडगा धरून.

मला तिचा हेवा वाटायचा. कशाला लपवू. रविवारी ती काही सांगत सुटली की मी ताटात बघायचे आणि माझ्या पोटात दुखायचं. नवरा म्हणायचा, पोरगी बरी रुळली. मी म्हणायचे, हो ना, आयत्या बिळावर नागोबा. तो माझ्याकडे बघून आणखी वरण वाढून घ्यायचा.

आणि एका दुपारी टीचरनी स्वतः तिला पान लिहायला सांगितलं. माझ्यासमोर, माझ्याच टेबलापाशी. ती बंद पडलेल्या बँकेच्या वरच्या खोल्यांत राहायची. त्या जागेचं पान नव्हतं, कारण तिथे आधी कोणी राहिलंच नव्हतं. त्यांच्या नियमात ते चोख बसत होतं. मुलगी लाजली, नाही म्हणाली. टीचरनी दुसऱ्यांदा विचारलं. दुसऱ्यांदा! मी स्टेपलरच्या पिना भरत होते. त्या आधीच भरलेल्या होत्या.

आठवड्याने तिने कागद आणून दिला. सुवाच्य इंग्रजी, शाळेत वळणदार अक्षराचं बक्षीस मिळालेलं असावं असं. पहिली थंडी, वृद्धाश्रमातली सकाळ, कर्लिंग. वाचता वाचता मी माझे बूट शोधत होते, वरणभात शोधत होते. कुठेच नाही. कागद संपला, आणि तळाशी उजव्या कोपऱ्यात तिने देवनागरीत तीन अक्षरं लिहिली होती: कृ. मा. प.

कृपया मागे पहा. लहानपणी पोस्टकार्डावर आणि परीक्षेच्या पेपरवर आम्ही सगळे हे लिहायचो. बारा वर्षांत त्या कोठडीत आलेली ती पहिली मराठी अक्षरं. या वाचनालयात ती फक्त मला वाचता येत होती, दुसऱ्या कोणाला ती नक्षी वाटली असती. मी ती वाचली. आणि माझ्या मनात काय आलं ते मला नीट आठवतं. अजून आहे का हिचं? दोन हिवाळ्यांत हिच्याकडे पान उलटण्याइतकं झालं? नियम एक पान, एकच बाजू. गिरणीवाल्यांची चार पानं टाइप करणारी मी, त्या दुपारी नियमाला चिकटले. पुढची बाजू पूर्णविरामावर संपत होती, त्यामुळे काही तुटल्यासारखंही दिसणार नव्हतं. मी पुढची बाजू टाइप केली, कागद पालथा न करता खोक्यात टाकला आणि चहा करायला गेले. चहा चांगला लागला, हेही सांगून टाकते.

पुस्तक गेल्या सप्टेंबरात आलं. चर्चच्या बेसमेंटमध्ये समारंभ झाला, लांब टेबलं, त्यांवर अकरा प्रकारचे 'पाय', म्हणजे फळांचं सारण भरलेल्या यांच्या ताटाएवढ्या करंज्या. टीचरनी भाषणात माझे आभार मानले, टाळ्या वाजल्या, मी उभी राहून बसले. प्रत्येक जण आधी आपलं पान उघडत होता, मग शेजाऱ्याचं, चुका शोधायला. मुलगी माझ्यासमोर बसली होती. तिने आपलं पान काढलं, वाचलं, पुढचं पान उलटलं. पुन्हा मागे आली. मग पुस्तक मिटलं आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "काकू, मागचं तुम्हाला आवडलं नाही का?"

"जागा नव्हती गं," मी म्हणाले. "सगळ्यांनाच एक बाजू."

"इट्स ओके. मला वाटलंच होतं, तुम्हाला ऑकवर्ड होईल म्हणून." तिने माझ्या ताटात रुबार्ब पायचा तुकडा ठेवला आणि म्हाताऱ्यांना गाडीत बसवायला गेली.

ऑकवर्ड मला का होईल, हा विचार घरी येईपर्यंत डोक्यात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडायच्या आधी मी कोठडीत गेले, खोकं काढलं आणि कागद पालथा केला.

मागे फक्त एक परिच्छेद होता, इंग्रजीत. त्याचा अर्थ साधारण असा: "या गावात माझी पहिली जागा म्हणजे एक घर. त्याला सगळे दंतवैद्याचं घर म्हणतात. मी त्या दंतवैद्याला ओळखत नाही. तिथे मला बूट मिळाले आणि दर रविवारी जेवण मिळालं. मी त्याला काकूंचं घर म्हणते. आश्रमातल्या आजीआजोबांना मी माझ्या रविवारबद्दल सांगते, तेव्हा आता तेही काकूंचं घरच म्हणतात. मला वाटतं पुस्तकात तशी नोंद व्हावी, म्हणजे पुढे लोकांचा घोटाळा होणार नाही."

मी लोखंडी दाराशी खाली बसले. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि शेतही स्वतःचंच. बारा वर्षं जे हवं होतं ते कोणीतरी लिहून माझ्याच हातात दिलं होतं, वर मागे पहा म्हणून विनवलंही होतं. घोड्याला पान आहे. झाडाला आहे. पुस्तकात आमचं घर अजून दंतवैद्याचंच आहे, आणि आम्ही दुसरे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तिला फोन केला. जागा नव्हती हे पुन्हा म्हणता आलं असतं, तिने ते मान्यही केलं होतं. पण तिला वाटत होतं की मला तिचं लिहिलेलं आवडलं नाही, आणि ते मला सहन होईना.

"मी मागे पाहिलंच नव्हतं," मी म्हणाले. "आज वाचलं."

तिने कोणाला तरी 'वन मिनिट' म्हटलं. मागे कोणाच्या तरी खोलीतला टीव्ही ऐकू येत होता.

"पण मी खाली लिहिलं होतं, काकू. मुद्दाम मराठीत लिहिलं, तुम्हाला कळावं म्हणून. ते दिसलं नाही का?"

"दिसलं होतं," मी म्हणाले.