कुंपणाबाहेरचा नळ

"ताई, त्यांना काय फरक पडतो? ओढ्याचंच पितात ना ते?"

आर्किटेक्ट असं बोलला आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले. मीही हसले. ते आधीच सांगून टाकते, कारण सगळ्यात जास्त किळस मला माझ्या त्या हसण्याची येते.

जळगावच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी डायलिसिस टेक्निशियन आहे. पिंप्राळ्यात खोली घेऊन राहते. गाव विचारलं की चोपडा सांगायचे. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची भिल्लवस्ती आहे, हे गिळून टाकायचे. आठ वर्षं गिळलं. माझा बाप स्वतः डायलिसिसवर आहे. त्याला माझ्या हॉस्पिटलात नाही आणला. धुळ्याला लावला. का, ते वेगळं सांगायला नको. आठवड्यातून दोनदा काळीपिवळी जीप, मग एसटी, चार तास हातात सुया आणि उलट्या करत परत.

म्हणून ट्रस्टने आमच्याच वस्तीजवळ डायलिसिस सेंटर बांधायचं ठरवलं, तेव्हा मला रडूच फुटलं. बा पायी जाईल एवढं जवळ. पाण्याचं बघायला मला मीटिंगला बोलावलं होतं.

डिझाईन देखणं होतं. छतावर सोलर, जाड मातीच्या भिंती, सगळं पर्यावरणपूरक. आणि मशीनच्या खोलीतून निघालेली एक निळी रेघ थेट कुंपणाबाहेर एका नळाला जोडलेली. शेजारी लिहिलेलं, 'वस्तीसाठी पिण्याचे पाणी'.

डायलिसिसला अगदी शुद्ध पाणी लागतं. बोअरचं पाणी गाळताना निम्मं बाहेर फेकावं लागतं, आणि बोअरमधला सगळा खार त्या फेकलेल्या पाण्यात उतरतो. आमच्याकडचा बोअर मुळातच खारट. पेशंटच्या अंगात जाऊ नये म्हणून जे गाळून काढायचं, ते कुंपणापलीकडे माझ्या वस्तीला पाजायचं. याला ते शाश्वत म्हणत होते.

मी म्हटलं, सर, हे पाणी संडासाला वापरा, फरशी पुसायला वापरा, फक्त एक टाकी आणि वेगळी पाइपलाइन लागेल. वस्तीला द्यायचंच तर गाळलेलं द्या. त्यावर तो ओढ्याचं बोलला. आणि मी हसले.

त्या रविवारी घरी गेले. बाला कागदावर रेघ काढून दाखवली. त्याने ती रेघ नळापर्यंत बोटाने गिरवली. हातावरची सुजलेली नस चोळत विचारलं, "पोरी, हाई पानी आमले शे का?"

माझ्याच्याने 'हो, तुमच्यासाठीच' म्हणवेना. घरी असले की त्याच्या ताटातलं मीठ मी तोलून टाकते. आणि हे.

पुढच्या मीटिंगला आमच्या हॉस्पिटलात गाळून फेकलेलं पाणी बाटलीत भरून नेलं. ट्रस्टचे मोठे साहेब आले होते. भूमिपूजनाला वस्तीतल्या बायका पारंपरिक वेशात आणा, असं ते कुणाला तरी सांगत होते. मी ग्लास भरून त्यांच्यापुढे ठेवला. ते उचलणार, तेवढ्यात सांगितलं.

"हे तसंच फेकायचं पाणी आहे सर. वस्तीच्या नळाला येणार ते. प्या."

त्यांनी ग्लास बोटाने दूर सारला. ओठाला लागलासुद्धा नव्हता, तरी रुमाल काढून तोंड पुसलं. म्हणाले, "आमची गोष्ट वेगळी आहे."

मी ग्लास परत त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हटलं, "मी त्याच वस्तीची आहे."

आर्किटेक्टने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि कौतुकाने म्हणाला, "अरे, वाटत नाही."

आठ वर्षं मी हेच ऐकायला धडपडत होते. थू.

पाण्याच्या रिपोर्टवर टेक्निशियनची सही लागते, 'पिण्यास योग्य' या ओळीखाली. मी केली नाही. साहेबांनी बाहेर बोलावून समजावलं. सेंटर दुसऱ्या तालुक्यात जाईल, नुकसान तुमच्याच लोकांचं, तुमच्या नोकरीचंही बघावं लागेल. आवाज अगदी गोड. देवळात प्रसाद देतात तसा.

बाला फोन केला. सगळं सांगितलं, सेंटर जाईल हेही. त्याला धाप लागत होती. म्हणाला, "मी जासु धुयाले. तू सही करू नको."

धुळ्याला कशाला? काल त्याला माझ्या हॉस्पिटलात आणलं. फॉर्मवर वस्तीचं नाव मी माझ्या हाताने लिहिलं, भिल्लवस्ती, पूर्ण. नात्याच्या रकान्यात मुलगी. सगळ्यांच्या देखत त्याला सुई मीच लावली.

ट्रस्टवाल्यांनो, सेंटर आम्हाला पाहिजे. उपकार म्हणून नको, आमच्या किडन्या तुमच्यासारख्याच आहेत म्हणून पाहिजे. पण तो नळ बसणार नाही. माझ्या जागी दुसरा कुणी सही करणारा आणाल, तर तोच ग्लास मी जळगावच्या चौकात घेऊन उभी राहीन, आणि तुमच्यातल्या एकेकाला नावाने हाक मारून प्यायला बोलावीन.